बसल्या जागी चाललेला माणूस

त्याला सगळे आरसा म्हणत. तो लाकडाला पॉलिश करायचा आणि त्याने हात फिरवलेल्या टेबलात माणसाला स्वतःचं तोंड दिसायचं. हे नाव सुताराने ठेवलं होतं. दोघांची उभी हयात एकाच पत्र्याच्या शेडमध्ये गेली. सुतार टेबलं, कपाटं, पलंग उभे करायचा आणि आरसा त्यांना चेहरा द्यायचा. गिऱ्हाइकासमोर सुतार म्हणायचा, "मी हाडं बसवतो, हा कातडी चढवतो. हाडांचं कौतुक कोणी करत नाही."

आरसा बुटक्या स्टुलावर बसून काम करायचा. आधी पॉलिश पेपर घेऊन लाकडाच्या रेषेनं घासायचं, पुढे-मागे, पुढे-मागे, तासन्‌तास. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा कापसाच्या बोळ्याने लावायचा. तो वाळला की पुन्हा घासायचं, पुन्हा लावायचा. घाईचं काम त्याला जमत नसे आणि तो घेतही नसे. तो डावखुरा होता. डाव्या हाताची बोटं कायमची तपकिरी झालेली, उजवा हात मात्र कारकुनासारखा स्वच्छ. त्याच्या मुलीला लहानपणी वाटायचं की बाबांचे दोन हात दोन वेगळ्या माणसांचे आहेत. शाळेत जाताना ती उजवा धरायची. डाव्याला स्पिरिटचा वास यायचा.

मुलगी एकुलती एक. मोठी झाली, दुसऱ्या शहरात गेली आणि चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात डोळे तपासायला लागली. तिथे एक यंत्र होतं. गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवली की यंत्र क्षणात नंबर सांगायचं. ती तो नंबर कधीच चष्म्यात घालत नसे. तिथून तिचं काम सुरू व्हायचं. एक भिंग लावायचं, दुसरं लावायचं आणि दर वेळी माणसाला विचारायचं, आता कसं दिसतंय. नव्या मुलींना ती बजावायची, "यंत्राला फक्त अंदाज असतो. दिसतं माणसाला."

मुलीची आई गेल्यावर आरसा एकटा पडला. शेडच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीत तो झोपायचा, दुसरीत स्वयंपाक करायचा. दोन्ही खोल्यांत सगळं जागच्या जागी, पण कोणी राहत असेल असं वाटू नये, इतकं जागच्या जागी. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची.

"जेवलात का दुपारी?"

"जेवलो."

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"बरं."

"बरं."

मग दोन्हीकडून गप्प. आईच बोलायची आजवर. बापलेकींना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती, ती आईच्या मार्फत बोलत आली होती. आता मधलं माणूस गेलं होतं आणि हातात नुसता फोन उरला होता.

अशात आरशाचा पाय दुखायला लागला. बसल्यावर नाही, चालल्यावर. थोडं चाललं की डाव्या पोटरीत कळ यायची, थांबलं की जायची. तो लाजरा माणूस. भर रस्त्यात पाय धरून उभं राहणं त्याला नको वाटे. मग तो जे दुकान समोर येईल त्याच्या काचेत बघत उभा राहायचा. कळ ओसरली की पुढच्या दुकानापर्यंत.

सुताराने एकदा हे पाहिलं. "काय रे, बायकांच्या कपड्यांच्या दुकानासमोर उभा होतास? या वयात? चालचलन सुधार."

"चालचलनच सुधारायचंय," आरसा म्हणाला. "पाय चालत नाही."

साखर त्याला आधीपासून होतीच. मुलगी रजा घेऊन आली आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पायाचे ठोके तपासले आणि पेन खाली ठेवलं.

"पायाकडे जाणारी रक्ताची वाट अरुंद झाली आहे. औषध देते, पण खरं औषध चालणं आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. रोज. असं चाललं की आजूबाजूच्या बारीक वाटा रुंद होतात, शरीर आपली सोय करून घेतं. रोज तळवे बघायचे, जखम दिसली की इकडे यायचं. साखर आवरायची."

"आणि नाही झालं तर?" मुलीने विचारलं.

"तर पाय जाईल."

दुसऱ्या दिवशी मुलीने मनगटावर बांधायचं ते घड्याळ आणलं. पावलं मोजणारं, जळलेल्या कॅलरी सांगणारं आणि सगळे आकडे तिच्या फोनवर पाठवणारं. ती दूर राहून दुसरं काय करणार होती? घड्याळ डाव्या हातात घालतात, म्हणून तिने ते डाव्यात बांधलं. फोनने विचारलं, हा रोजच्या कामाचा हात आहे का? तिने 'नाही' दाबलं. पुढचा प्रश्न आला.

तब्येत विचारायला आलेला सुतार बघत होता. "घ्या. बायको गेली तर मनगटाला सासू बांधून घेतलीस."

तो रविवार होता. त्या दिवशीचा आकडा अगदी किरकोळ आला. परतीच्या बसमध्ये ती तो पुन्हा पुन्हा बघत राहिली. वडील किती थोडं चालतात हे पहिल्यांदाच आकड्यात दिसत होतं.

सोमवारी दुपारी तिने फोन उघडला आणि दुकानात सगळ्यांसमोर ओरडली. दिवसाची ठरलेली पावलं झाली की भरणारं हिरवं वर्तुळ पूर्ण भरलं होतं. संध्याकाळपर्यंत ते भरून वर गेलं.

"बाबा! अहो, एवढं चाललात?"

पलीकडे जरा वेळ गेला. "झालं खरं," आरसा म्हणाला.

"दुखलं नाही?"

"दुखतं. दुखणारच की."

"माझं निम्मंसुद्धा होत नाही हो दिवसभरात. मला लाज वाटतेय."

"तू आळशी आहेस. आईवर गेलीस."

ती हसली. तोही हसला. त्या संध्याकाळी फोन बराच वेळ चालला. तिने दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवली. त्याने सुताराच्या तिरक्या कपाटाची गोष्ट सांगितली. शेवटी तिच्या लक्षात आलं की आई गेल्यापासून आपण असं बोललोच नव्हतो.

मग तो रोजचा खेळ झाला. सहा वाजले की ती आकडा वाचायची, तो "झालं खरं" म्हणायचा, आणि तिथून गप्पा फुटायच्या. आकडा नसता तर कुठून सुरुवात करायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. दुकानाच्या मालकालाही तिने वर्तुळ दाखवलं. "माझे बाबा. साठी उलटलीय."

कॅलरींचाही आकडा यायचा. पावलांपेक्षा तोच जास्त भारदस्त वाटायचा. आरशाला गोडाची आवड, आणि आजार झाल्यापासून तो मुलीला विचारल्याशिवाय साखरेला हात लावत नसे. हळूच विचारायचा, "तुझं यंत्र काय म्हणतंय? आज चहात साखर चालेल?"

ती आकडा बघायची. "आज इतकं जाळलंय तुम्ही, की साखरच काय, वर दोन बिस्किटंही खा."

"क्रीमची?"

"एक क्रीमचं."

"एवढं चाललो आणि एकच?"

"बरं, दोन."

साखर तपासायचं मधेच राहिलं. डॉक्टरीणबाईंकडची तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा. घाई कशाला? सगळं हिरवं होतं.

फक्त रविवारी आकडा आपटायचा. ती लटकं रागवायची. "रविवारी काय होतं तुम्हाला? आळस संचारतो का अंगात?"

"रविवारी शेड बंद असते," तो म्हणायचा.

ती हसायची. तिला वाटायचं, सुट्टी म्हणतायत. तो सरळ उत्तर देत होता.

पाचेक महिने गेले. एका बुधवारी तिला अचानक सुट्टी मिळाली. न सांगता जायचं ठरवून तिने पहाटेची बस धरली. दुपारी ती शेडच्या दाराशी पोचली. सुतार आत करवत चालवत होता. आरसा दाराकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. समोर लांबलचक जेवणाचं टेबल, आणि तो घासत होता. पुढे-मागे, पुढे-मागे. डाव्या मनगटावर घड्याळ. त्याच्यावर भुशाचा थर.

त्याला चिडवावं म्हणून तिने फोन काढला. आजचा आकडा वाचून मागून ओरडायचं, असा बेत होता. तिने आकडा बघितला. मग वर बघितलं. मग पुन्हा आकडा बघितला.

तो वाढत होता. वडील स्टुलावर बसलेले होते आणि पावलं वाढत होती.

ती तशीच उभी राहिली. त्याने पेपर बदलायला हात थांबवला, आकडा थांबला. त्याने पुन्हा घासायला घेतलं, आकडा चालायला लागला. तिने फोन खाली केला आणि तेव्हा तिला त्याचा डावा पाय दिसला. पायात चप्पल नव्हती. मोजा होता, आणि अंगठ्यापाशी तो ओला आणि काळपट होता.

"बाबा."

तो वळला. चेहरा उजळला. "अगं! तू कधी आलीस?"

"उठा."

"अगं, बस तरी. चहा..."

"उठा बाबा. माझ्यापर्यंत चालत या."

सुताराने करवत बंद केली. आरसा टेबलाला धरून उठला. एका पायाने पाऊल टाकायचा, दुसरा ओढायचा. शेड काही मोठी नव्हती. तरी टेबल संपलं तिथे तो थांबला, कारण पुढे धरायला काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मोजा कापून काढला. अंगठा काळा पडला होता, आणि काळेपणा वर सरकत होता. कधी लागलं, हे त्याला सांगता येईना. पायाला जाणीवच नव्हती फारशी. साखर वाढून कुठच्या कुठे गेली होती.

"चालत नव्हतात?" त्यांनी विचारलं.

मुलीनेच फोन पुढे केला. महिन्यांमागून महिने, हिरवी वर्तुळं. बाईंनी ती बघितली, मग आरशाचा हात उचलून घड्याळ बघितलं.

"काम काय करता?"

"पॉलिश."

"कुठल्या हाताने?"

उत्तर मुलीने दिलं. "डाव्या." तो हात तिने लहानपणापासून पाहिला होता.

बाईंनी घड्याळाचा पट्टा सोडला. "हे पायाकडे बघतच नाही. हे हाताचा हेलकावा मोजतं. साधं चालणाऱ्या माणसाचा हात हलतो, म्हणून बऱ्यापैकी जमतं. आमच्या इथल्या मावशी दिवसभर स्ट्रेचर ढकलतात. हात दांड्यावर घट्ट. त्यांचं घड्याळ म्हणतं, तुम्ही आज बसूनच होता." त्यांनी स्वतःचं मनगट दाखवलं. "मीपण घालते. पण हा अंदाज आहे. तुम्ही निकाल म्हणून वाचलात."

"उजव्या हातात बांधलं असतं तर?" मुलीने विचारलं.

"कमी चुकलं असतं."

आरशाने विचारलं, "आणि ते जळलेलं? कॅलरी?"

"तो तर अंदाजावरचा अंदाज. वय, वजन आणि हाच हेलकावा, त्यावरून काढलेला. त्यात चूक आणखी मोठी असते."

"मग ती बिस्किटं?"

"ती खरी होती," बाई म्हणाल्या.

आरसा हसला. खोलीत तो एकटाच हसला.

पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता. उशीर केला तर आणखी वर. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरली. मुलीने सही केली.

बाहेर बाकावर सुतार बसला होता. भुसा झटकायचाही राहिला होता, केसांत तसाच.

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

त्याने मान डोलावली. "पहिल्याच सोमवारी. बसल्या बसल्या घड्याळ थरथरलं आणि शाब्बास म्हणालं. आम्ही हसून हसून लोळलो. मी म्हटलं, लेका, बसल्या जागी गावाला वळसा घातलास. संध्याकाळी तुझा फोन आला की पोरीला सांग, ती पण हसेल."

"मग?"

"तू फोन केलास. आणि ओरडलीस ना आनंदाने... शेडभर ऐकू आलं मला. त्याने तोंड उघडलं होतं सांगायला. मिटलं."

"नंतर सांगायचं होतं."

"मी रोज म्हणायचो. तो म्हणायचा, उद्या सांगतो. ती आता हसायला लागलीय, उद्या सांगतो."

"तुम्ही सांगायचं होतं!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरून जाणारी नर्स थांबली.

"हो," सुतार म्हणाला. "सांगायचं होतं."

ती आत गेली तेव्हा सहा वाजायला आले होते. रोजच्या फोनची वेळ. ती पलंगाशेजारी बसली. आज आकडा नव्हता. दोघंही चादरीकडे बघत राहिली.

"तुम्ही चालायला जातच नव्हतात," ती शेवटी म्हणाली.

"जायचो."

"बाबा, आता तरी..."

"जायचो गं. रोज. काम संपलं की, तुझा फोन यायच्या आधी." तो उशीला टेकून जरा वर सरकला. "शेडच्या बाहेर पडलं की बेकरी. तिथवर काही नाही. बेकरीपासून कळ सुरू. पक्कड लावल्यासारखी, पोटरीत. मग शिंप्याची पायरी. तिथे बसायचो. शिंपी ओळखीचा झाला. त्याची बायको मला पाणी द्यायची, मला वाटतं तिला मी वेडसर वाटायचो. मग औषधांचं दुकान. तिथल्या काचेत ते दात घासायच्या ब्रशांचं चित्र आहे, ते मला पाठ झालंय. आणि मग टपालपेटी. टपालपेटीला हात लावायचा आणि परत फिरायचं."

"रोज?"

"पहिले दोन-तीन महिने टपालपेटी. मग औषधांच्या दुकानापर्यंत." तो थांबला. "मग शिंप्यापर्यंत."

तिने त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"मला वाटलं, सवय झाली की वाढेल. वाढलं की मग तुला सांगेन. पहिलं थोडं खोटं होतं, पण आता खरंच चालतोय, असं. मला आधी खरं करायचं होतं." त्याने तिच्याकडे बघितलं. "टपालपेटीच्या पुढे तो वयस्कर न्हावी आहे का गं अजून? वर्षभरात तिकडे गेलोच नाही."

"आहे," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

"आणि शाळेची भिंत?"

"रंगवलीय. पिवळी."

"पिवळी? पिवळा रंग टिकत नाही उन्हात." त्याने डोळे मिटले. "बोल. पुढे काय आहे सांग."

ती सांगत राहिली. शाळा, शाळेपुढचा उतार, उतारावरचं सायकलींचं दुकान, तिथून लायब्ररी, लायब्ररीच्या मागचा तलाव. आठवेल ते, जुनं, लहानपणचं, आता असेल-नसेल ते सगळं. आपण त्याच्याशी इतका वेळ आकड्याविना बोलतोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही. भेटायची वेळ संपली तेव्हा ती दोघं तलावापर्यंत पोचली होती.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन तसं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, नर्स चादर बदलत असताना, त्याचं हृदय थांबलं. त्याच वाहिन्या, तेच रक्त, बाई म्हणाल्या. पायात जे झालं होतं ते छातीतही होत होतं. चालणं दोन्हींसाठी सांगितलं होतं.

सगळं उरकल्यावर मुलगी खोल्या आवरायला आली. आवरण्यासारखं थोडंच होतं. दुपारी ती शेडमध्ये गेली. लांब टेबल अर्धं घासलेलं तसंच पडलं होतं. सुतार त्याच्याकडे पाठ करून काम करत होता, करण्यासारखं काही नसताना.

"काका, मला ती टपालपेटी दाखवता?"

दोघं बाहेर पडली. बेकरी आली. मग शिंपी. त्याने मशीनवरून मान वर केली, सुताराला बघून काहीतरी विचारणार होता, मुलीकडे बघून थांबला. पायरी झिजलेली होती. मग औषधांचं दुकान, काचेत ब्रशांचं चित्र. आणि मग टपालपेटी.

मुलगी पेटीपाशी थांबली. तिला वाटलं, अजून एखादी असेल पुढे. तिने मागे वळून बघितलं. शेडचं दार इथून दिसत होतं. दाराला टांगलेला सुताराचा शर्टसुद्धा दिसत होता, त्याच्यावरच्या चौकड्याही.

"एवढंच?"

"एवढंच."

एक बाई लेकराला कडेवर घेऊन शेडच्या बाजूने आली, त्यांना ओलांडून पुढे गेली आणि कोपऱ्यावर वळलीही.

"बाबांना किती वेळ लागायचा?" मुलीने विचारलं.

"लागायचा," सुतार म्हणाला. "तो निघाला की मी चहा ठेवायचो. चहा निवायचा. मग तो परत येताना दिसला, की पुन्हा गरम करायचो."

तिने टपालपेटीला हात लावला. मग दोघं परत फिरली, ती बाबांच्या चालीने. सुतार तिच्या बरोबरीने, तिच्याइतकं हळू चालायचा प्रयत्न करत होता.